आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा भाव कसा ठरतो?



मंडईपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून भावाविषयी बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोललं पाहिजे. इथं येताना मी मुद्दाम मंडईतून चालत आलो. कोथिंबिरीची जुडी एका गाळ्यावर वीस रुपये, चार गाळे सोडून पंधरा, आणि आणखी पुढे गेलो तर, "घ्या हो काका, दहाला." पाच मिनिटांत मला आजचा कोथिंबिरीचा भाव कळला. विकणारे भरपूर, घेणारे त्याहून जास्त, माल डोळ्यांसमोर आणि सौदा उघड्यावर, म्हणून कळला. १८८६ साली ही इमारत रे मार्केट म्हणून उघडली तेव्हाही आत हेच चालायचं. (ज्यांचं नाव आज तिला आहे, त्या महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला होता. पुण्यात कुठलीही किंमत वादाशिवाय ठरलेली नाही, एवढंच सांगायचंय.)

आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे तिला यातलं काहीच लागू होत नाही. विकणारे मोजके, घेणारे त्याहून मोजके, माल कपाटात किंवा पोलीस ठाण्यात, आणि सौदा चार भिंतींच्या आत. वस्तू म्हणजे जुनं, छोट्या बोअरचं रिव्हॉल्व्हर. बत्तीसचं, बावीसचं, नाहीतर सात मिलिमीटरचं.

विषय कसा निघाला ते सांगतो. शुक्रवार पेठेतला एक वाडा पाडून तिथं इमारत व्हायची होती. तिथल्या एका वहिनींच्या सासऱ्यांचं बत्तीसचं वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं. सासरे गेल्यावर घरच्यांनी ते रीतसर शस्त्रविक्रेत्याकडे ठेव म्हणून जमा केलं. हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. आता वहिनींना पैशाची गरज होती. पुतण्या म्हणाला, "काकू, इंग्लंडचा माल आहे, सात लाखांच्या खाली बोलू नका." एक घेणारा आला, त्यानं सत्तर हजार सांगितले. वहिनींनी मला विचारलं, "दोघांतला खोटं कोण बोलतंय?" मी म्हटलं, "वहिनी, बहुतेक दोघंही खरंच बोलताहेत. दोघं वेगवेगळ्या वस्तूंचा भाव सांगताहेत."

हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळी गंमत इथंच आहे.

हिंदुस्थानात परदेशी रिव्हॉल्व्हरला जो भाव येतो, तो बहुतेक वेळा त्याच्या जुनेपणाचा नसतोच. तो आयात बंद असल्याचा भाव असतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य माणसाला बाहेरून पिस्तूल-रिव्हॉल्व्हर आणता येत नाही. म्हणजे देशात जे आलं ते आलं, त्यात भर पडणं जवळजवळ थांबलं. त्यातच लष्करात आणि पोलिसांत वापरलेले अडतीस आणि चारशे पंचावन्नसारखे बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. उरतं काय? मुख्यतः बत्तीस. त्यामुळे ज्याच्या हातात परवाना आहे आणि ज्याला कानपूरच्या सरकारी कारखान्यापेक्षा 'विलायती' हवंय, तो वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन, कोल्ट यांच्यामागे धावतो. परदेशातला संग्राहक ज्या साध्या बत्तीसच्या वेब्लीला काही शे डॉलर देतो, तिला इथं लाखांत मागणी येते. माल तोच. इथं तिला महाग केलंय ते सीमाशुल्काच्या नाक्यानं.

एक अंदाज देतो. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं बत्तीसचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आतबाहेर होती. नवं, देशी, सरकारी. म्हणजे वापरण्याजोग्या बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला इथं तळाचा भाव कुठून सुरू होतो ते कळतं. वापरणारा गिऱ्हाईक वेब्लीकडे येतो तेव्हा हा आकडा त्याच्या मनात असतोच.

आता पुढचा प्रश्न. तुमचं रिव्हॉल्व्हर खरंच वापरण्याजोगं आहे का? इथं लोक फसतात. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून जी बत्तीसची काडतुसं बाहेर पडतात, ज्यांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात, ती एका ठरावीक मापाची आहेत. जुन्या युरोपीय छोट्या रिव्हॉल्व्हरांचं माप नावापुरतं जवळचं असतं, पण काडतूस तेच नसतं. 'तीनशे वीस' म्हणून एक जुनं माप आहे, ते आणि आजचं बत्तीस एकच समजणारे पुष्कळ भेटतात. सात मिलिमीटरचं पिनफायर तर वेगळंच प्रकरण. त्याच्या काडतुसाच्या कुशीतून एक खिळा बाहेर आलेला असतो आणि घोडा त्या खिळ्यावर पडतो. त्याची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. अशा हत्याराला वापरणारा गिऱ्हाईक शून्य. मग आयातबंदीमुळे चढलेला भाव त्याला मिळणारच नाही, उरतो तो निव्वळ संग्राहकाचा भाव. घेणारा सत्तर हजार म्हणाला तो असा हिशोब करून. वहिनींच्या वेब्लीला जुनं माप असेल असं त्यानं गृहीत धरलं होतं. पुतण्यानं सांगितला तो चालू मापाच्या, उत्तम स्थितीतल्या, पेटीसकट असलेल्या वेब्लीचा, तोही कुणीतरी 'सांगितलेला' भाव.

म्हणून पहिलं काम हत्यार नीट वाचायचं. वाचायचं म्हणजे अक्षरशः वाचायचं, भिंग घेऊन, आणि ते परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात, त्यानं रिकामं असल्याची खात्री करून दिल्यावर.

नळीवर 'वेब्ली अँड स्कॉट' असं नाव असेल तर हत्यार १८९७ च्या आधीचं नाही, कारण त्या साली या कंपन्या एकत्र आल्या. "आमच्या पणजोबांना १८८५ मध्ये मिळालं" असं घरात सांगत असतील तर पणजोबांबद्दल आदर ठेवून तारीख सोडून द्यायची. चक्रीवर आणि नळीवर बारीक मुकुट आणि त्याखाली अक्षरं दिसतात. इंग्लंडमध्ये हत्यार विकण्याआधी ते सरकारमान्य परीक्षागृहात जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासावं लागे, त्याचे ते शिक्के. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ पासूनचं आहे. अंडाकृती चौकटीत 'ईएलजी' ही अक्षरं दिसली तर माल बेल्जियममधल्या लिएजचा. त्या चौकटीवर मुकुट असेल तर १८९३ नंतरचा, नसेल तर आधीचा. लिएजमध्ये छोटी रिव्हॉल्व्हरं प्रचंड संख्येनं बनली, त्यातली कित्येक नामांकित इंग्लिश मालाच्या नकला. दिसायला वेब्ली आणि शिक्का 'ईएलजी', असं पाहिलं की किंमत तिथंच निम्म्याहून खाली येते. शिक्का दोन मिलिमीटरचा असतो, आणि घरात पिढ्यान् पिढ्या कुणी पाहिलेला नसतो.

कधी नळीवर विक्रेत्याचं नाव असतं. कलकत्त्याची रॉडा, मँटन, अशी. हे नाव संग्राहकाला आवडतं. रॉडा कंपनीचा तर इतिहासच आहे, १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी तिच्या मालातली पन्नास माउझर पिस्तुलं पळवली होती. अर्थात, रॉडाचं नाव असलेलं प्रत्येक हत्यार काही त्या प्रकरणातलं होत नाही. ते पुढे बोलतो.

मग क्रमांक. चांगल्या कारखान्याच्या हत्यारात तो एकाहून जास्त ठिकाणी असतो. स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांत मुठीच्या तळाला, चक्रीच्या मागच्या बाजूला आणि नळीच्या खालच्या अंगाला. तिन्ही जुळले तर हत्यार कारखान्यातून निघालं तसं आहे. चक्रीचा वेगळा निघाला तर कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्या हत्याराची चक्री बसवली आहे. वापरणाऱ्याला याचं फारसं काही नाही. संग्राहक मात्र तिथंच हात आखडता घेतो.

आणि आता आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं, पॉलिश. दिवाळीच्या आधी पितळेची भांडी चकचकीत करतो त्याच उत्साहानं आपण हत्यारं चकचकीत करतो. मूळचा निळसर काळा मुलामा जागोजाग उडालाय, कडांना पांढरा पडलाय, म्हणून कुणीतरी हौसेनं निकेल चढवून आणतो. त्यासाठी आधी घासणी होते. घासणीत शिक्के बुजतात, अक्षरांच्या कडा गोल होतात, स्क्रूच्या खाचा फाटतात. वहिनींच्या सासऱ्यांनी हेच केलं होतं, १९७० च्या सुमाराला. आरशासारखं दिसत होतं ते वेब्ली. वहिनींना वाटत होतं की यामुळे भाव वाढेल. संग्राहकाच्या लेखी मूळ मुलाम्याचे साठ टक्के शिल्लक असलेलं मळकट हत्यार या आरशापेक्षा कितीतरी वरचं. गंज वाढू नये म्हणून तेलाचा हात फिरवा, त्यापलीकडे काही करू नका.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हाही एक गैरसमज. स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये बावीस बोअरचं, सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याचं नाव 'मॉडेल एक'. सुरुवातीच्या घडणीची सुमारे साडेअकरा हजार बनली. पुढच्या दोन घडणींची प्रत्येकी लाखाच्या वर. नाव तेच, दिसायला अननुभवी डोळ्याला तेच, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. "आमच्याकडे मॉडेल एक आहे" हे वाक्य अर्धवट आहे, कितव्या घडणीचं ते सांगा.

आता गोष्टीचा भाव. प्रत्येक जुन्या हत्याराबरोबर एक गोष्ट असते, आणि पुण्यात तर असतेच. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडलं. हॉटसन वाचले. ही घटना सगळ्या पुण्याला माहीत, त्यामुळे 'त्याच जातीचं' किंवा थेट 'तेच' रिव्हॉल्व्हर म्हणून कुणी काही पुढे केलं तर आपल्या अंगावर काटा येतो. थोडा विचार करा. खटल्यातलं हत्यार मुद्देमाल म्हणून जमा होतं, त्यावर चिठ्ठी लागते, त्याची विल्हेवाट कोर्टाच्या हुकमानं होते. ते बाहेर आलंच असेल तर कागद घेऊन यायला हवं. कागद नसेल तर ती नुसती गोष्ट आहे, आणि गोष्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

कागद असला म्हणजे काय होतं याचं उदाहरण परदेशातलं देतो, कारण इतकी सुंदर जोडी दुसरीकडे मिळणार नाही. १८७३ च्या जुलैत ब्रसेल्समध्ये फ्रेंच कवी व्हर्लेननं आपला मित्र रँबो याच्यावर गोळी झाडली, मनगटाला लागली. हत्यार सात मिलिमीटरचं, लेफोशो पद्धतीचं पिनफायर. अगदी साधं. त्याच दिवशी दुकानातून घेतलेलं. खटला झाला, व्हर्लेनला दोन वर्षांची कैद झाली, सगळ्याची दप्तरी नोंद राहिली. २०१६ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये ख्रिस्तीजनं ते लिलावात काढलं. अंदाज ५० ते ७० हजार युरो, गेलं ४ लाख ३४ हजार ५०० ला.

तीन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, पॅरिसमध्येच दुसरं लेफोशो विकलं गेलं. तेही सात मिलिमीटरचंच. व्हॅन गॉगनं १८९० मध्ये ज्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली ते 'बहुधा' हेच, असं म्हणून. ऑव्हेरच्या शेतात १९६० च्या दशकात एका शेतकऱ्याला सापडलेलं, गंजून पापुद्रे सुटलेलं. मधली सत्तरेक वर्षं कोरी. जागा जुळते, बोअर डॉक्टरांच्या वर्णनाशी जुळतो, गंज जुळतो, पण कागद नाही. गेलं १ लाख ६२ हजार ५०० युरोंना.

दोन्ही हत्यारं तशी एकाच घराण्यातली. नुसत्या हत्याराला सामान्य संग्राहकानं काही शे युरो दिले असते. व्हॅन गॉगचं नाव जगात व्हर्लेनपेक्षा कितीतरी मोठं, तरी त्याच्या 'बहुधा'ला व्हर्लेनच्या 'नक्की'च्या निम्मेही आले नाहीत. स्थितीचा फरक होता, हे मान्य. पण मला वाटतं, मुख्य फरक त्या एका शब्दाचा होता.

वहिनींच्या घरात सुदैवानं कागद होते. सासऱ्यांचा परवाना, खरेदीची पावती, जुन्या नूतनीकरणांचे शिक्के. हे कागद दोनदा उपयोगी पडतात. एकदा कायद्यासाठी, एकदा भावासाठी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा भावावर थेट परिणाम होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि खासगी विक्री करायची तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आणली, वारसाहक्कानं आलेली धरून. ज्या जुन्या घराण्यांत तीन होती त्यांना एक काढावंच लागलं. घाईनं विकणारा आला की भाव पडतो, हे मंडईत दुपारी एक वाजता पालेभाजी घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आणि परदेशातले आकडे? ते वाचायला छान. पण शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते, आणि ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. हत्यार निर्यातीचे निर्बंध आणखी वेगळे. म्हणजे लंडन-पॅरिसचा भाव तुम्हाला मिळण्याची वाटच बंद आहे. कायदा भाव कसा घडवतो याची गंमत अमेरिकेतही आहे. तिथं १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार केंद्रीय कायद्यानं 'अँटीक' धरतात, नंतरचं नाही. एकाच नमुन्याची, काही महिन्यांच्या अंतरानं बनलेली दोन रिव्हॉल्व्हरं, पण अलीकडच्या बाजूचं स्वस्त आणि पलीकडचं महाग.

आता हिशोब करू. आकडे मांडणीपुरते धरलेले आहेत, उद्या कुणाला सांगू नका. समजा, तुमच्यासारख्या बत्तीसच्या वेब्लीचे तीन पुरे झालेले सौदे कळले, दोन लाख, सव्वादोन लाख, साडेतीन लाख. 'मागितलेले' भाव धरायचे नाहीत, पैसे आणि हत्यार हातोहात झालेलेच धरायचे. साडेतीनवाल्याबरोबर मूळ पेटी आणि साफसफाईचं सामान होतं, ते बाजूला ठेवा. राहिले दोन ते सव्वादोन. तुमचं निकेल चढवलेलं, म्हणून संग्राहक गेला, वापरणारा उरला. चक्री चाप ओढल्यावर जागच्या जागी घट्ट बसते का? किंचित हलत असेल तर दुरुस्तीचा खर्च वजा. कागद पूर्ण, म्हणून हस्तांतरणाची कटकट कमी, थोडं अधिक. पावणेदोनच्या आसपास आलात. विक्रेत्यामार्फत दिलंत तर त्याचा हिस्सा त्यातून जाणार. लिलावातही हेच असतं. राज्य सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार आणली, तिचे ४७ लाख १५ हजार म्हणून जो आकडा आपण वाचला त्यात वाहतूक, विमा वगैरे धरलेलं होतं. हातोडा पडतो तो आकडा आणि खिशातून जाणारा किंवा खिशात येणारा आकडा नेहमी वेगळे असतात.

वहिनींचं काय झालं? माप तपासलं, चालू बत्तीसचंच निघालं, म्हणजे सत्तर हजारवाला चुकीचं धरून चालला होता. निकेलमुळे पुतण्याचे सात लाखही गेले. शेवटी दोघांच्या मधे, पण सत्तर हजारांकडे झुकलेल्या बाजूला सौदा झाला. आकडा त्यांचा खासगी आहे. पैसे धनादेशानं घेतले.

प्रश्न आलेत, दोनच घेतो.

"जुन्या बाजारात असं काही दिसलं तर घ्यावं का?" नाही. हात लावू नका. आमच्या केळकर संग्रहालयाच्या दिनकररावांनी जुन्या वस्तूंसाठी आयुष्य वेचलं, त्यांच्या नावानं पुण्यातला प्रत्येक हौशी माणूस जुन्या बाजारात जातो. अडकित्ते घ्या, दिवे घ्या, कुलपं घ्या. बिनकागदाच्या हत्याराचा रास्त भाव शून्य असतो, वर खटला फुकट.

"शंभर वर्षं जुनं असेल तर परवाना लागत नाही, असं ऐकलंय." अर्धं ऐकलंय. कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी अट आहे. नुसतं वय पुरत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयानं 'क्युरिओ' गटातली छोटी शस्त्रं नुसती बाळगायला परवान्यातून सूट दिली, वापरायला किंवा कुठे घेऊन जायला मात्र परवाना लागतोच. आता तुमचं हत्यार या गटात बसतं की नाही, हे आपण घरी चहा पिता पिता ठरवायचं नाही. पुणे शहरात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला अर्ज द्यायचा, क्रमांक आणि शिक्क्यांचे फोटो जोडायचे, उत्तर लेखी मागायचं. आणि ते उत्तर जपून ठेवा. पुढचा घेणारा हत्याराच्या आधी तेच बघायला मागेल.